‘सिस्टम’ फाइल बिघडून बंद पडलेला संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. दुकानातला विंडोज १० चा डेस्कटॉप चालू असताना वीज गेली. वीज परत आल्यापासून पडद्यावर ‘रिकव्हरी’ असे शीर्षक येते, खाली \विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टम या फाइलचे नाव आणि ०एक्ससी००००१४सी हा कोड दिसतो आणि संगणक त्यापुढे सरकत नाही. ओळखीचे दुरुस्तीवाले फॉरमॅट मारू म्हणतात, तर एका व्हिडिओत ‘रेगबॅक’ फोल्डरमधली फाइल उचलून मूळ जागी टाकायला सांगितले आहे. टॅलीचे हिशेब आणि जीएसटीची कागदपत्रे त्याच हार्ड डिस्कवर आहेत आणि बॅकअप नाही. या दोहोंपैकी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की आज यांपैकी काहीच करू नये. तुमच्यासमोर एक नव्हे, तीन वेगवेगळे प्रश्न आहेत: हिशेब सुरक्षित बाहेर कसे काढायचे, फाइल मुळात बिघडली का, आणि विंडोज पुन्हा सुरू कसे करायचे. फॉरमॅट हे फक्त तिसऱ्याचे उत्तर आहे आणि तेही पहिल्याचा बळी देऊन मिळणारे. व्हिडिओतला उपाय एकेकाळी अगदी योग्य होता, परंतु तुमच्या विंडोजवर तो बहुधा नुकसानच करील. त्याचे कारण पुढे येईल.

आधी तो संदेश नीट वाचू या, कारण त्यात अर्धे निदान आहे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमध्येच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, डिस्कवरच्या एका छोट्या, साधारण १०० एमबीच्या, ईएफआय विभागातून विंडोजचा बूट मॅनेजर उचलते. बूट मॅनेजर बीसीडी नावाच्या फाइलमधून विंडोज कुठे आहे ते वाचतो आणि विनलोड या प्रोग्रामला पुढे करतो. विनलोड मग विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो आणि त्याच्या बरोबरीने रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीचा, ‘सिस्टम’ हा भाग वाचतो. हा भाग इतक्या लवकर वाचावा लागतो, कारण सुरुवातीलाच कोणकोणते ड्रायव्हर हजर हवेत त्याचा हजेरीपट त्यातच असतो. तो वाचता आला नाही तर डिस्क चालवणारा ड्रायव्हर कोणता हेसुद्धा कर्नलला कळत नाही. तुमचा संगणक बरोबर याच टप्प्यावर थांबला आहे. ०एक्ससी००००१४सी या कोडचा अर्थच रजिस्ट्री बिघडली आहे असा होतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही चांगली बातमी आहे, कारण इथपर्यंत पोहोचायला फर्मवेअर, ईएफआय विभाग, बीसीडी आणि विनलोड हे सगळे शाबूत असावे लागतात आणि डिस्क निदान वाचली जात असावी लागते. टॅलीच्या फाइलींचा या बिघाडाशी काही संबंध नाही. त्या जागच्या जागी असण्याची शक्यता मोठी आहे.

आता वीज गेल्याने फाइल बिघडते का, या प्रश्नाकडे वळतो. बिघडू शकते, पण सहजासहजी नाही. विंडोज रजिस्ट्रीत बदल करते तेव्हा ते आधी शेजारच्या लॉग फाइलींमध्ये लिहिले जातात आणि मग मुख्य फाइलमध्ये उतरवले जातात, म्हणजे मध्येच वीज गेली तर पुढच्या सुरुवातीला लॉग पाहून अर्धवट काम पूर्ण करता यावे. शिवाय एनटीएफएस ही फाइलव्यवस्थासुद्धा आपल्या नोंदी जपून ठेवते. मात्र ती जपते ते फाइलचे नाव, आकार आणि जागा. आतला मजकूर जपण्याची हमी ती देत नाही. त्यामुळे नाव आहे, आकारही बरोबर आहे, पण आत नुसती शून्ये, अशा फाइली वीज गेल्यानंतर पाहायला मिळतात. एवढी तजवीज असूनही ज्या संगणकाची सिस्टम फाइल कोसळते, तिथे मी प्रथम संशय घेतो तो हार्ड डिस्कवर. जुनी फिरती डिस्क आधीच कमजोर झालेली असते आणि वीज जाणे हे केवळ निमित्त ठरते. अशा डिस्कवर नवे विंडोज टाकले की संगणक काही आठवडे छान चालतो आणि नंतर पुन्हा तोच पडदा दिसतो. मग ‘फॉरमॅट नीट मारले नाही’ म्हणून दुरुस्तीवाल्याच्या नावाने बोटे मोडली जातात.

म्हणून पहिले काम हिशेब बाहेर काढण्याचे. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर इथेच थांबावे, संगणक बंद ठेवावा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क द्यावी; त्या अवस्थेत प्रत्येक वेळी वीज देणे म्हणजे उरलेल्या डेटाला धोका. आवाज नसेल तर दुसऱ्या कोणाच्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करून घ्यावी. या पेनड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. तुमचा संगणक सुरू करताना कंपनीनुसार एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडावा आणि पेनड्राइव्ह निवडावा. भाषा विचारणारा पडदा आला की ‘इन्स्टॉल’च्या वाटेला जाऊ नये. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की काळी कमांडची खिडकी उघडते. तिथे नोटपॅड असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे.

नोटपॅड कशाला, असे वाटेल. या काळ्या खिडकीच्या दुनियेत फाइल एक्सप्लोरर नसतो, पण नोटपॅडच्या ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन’ ही खिडकी जवळपास तेच काम करते. तिथे खालच्या यादीत ‘टेक्स्ट’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडले की सगळी डिस्क दिसू लागते आणि उजव्या क्लिकने फोल्डर कॉपी करून तयार ठेवलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करता येते. किती झाले हे दाखवणारी पट्टी सहसा येत नाही, खिडकी गोठल्यासारखी दिसते. घाबरून काही बंद करू नये, काम आत चालू असते. आणखी एक गोष्ट म्हणजे या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. तुमचा नेहमीचा ‘सी’ इथे ‘डी’ किंवा ‘ई’ असू शकतो आणि ‘एक्स’ नावाचा ड्राइव्ह तर पेनड्राइव्हवरून स्मृतीत उघडलेला तात्पुरता असतो. ज्या ड्राइव्हमध्ये विंडोज आणि यूजर्स ही दोन्ही फोल्डर आणि आत तुमचे नाव दिसेल तोच तुमचा. टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे हे माहीत नसेल तर यूजर्समधले ‘पब्लिक’ फोल्डर आणि ड्राइव्हच्या मुळाशी असलेली टॅली नावाची फोल्डर अशी सगळीच उचलावीत. जास्त उचलल्याने बिघडत काही नाही. कॉपी झालेल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

ड्राइव्ह उघडायलाच नकार मिळाला आणि त्यावर कुलूप दिसले, तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे असे समजावे. तुमच्यासारख्या जुन्या डेस्कटॉपवर ते सहसा नसते. विंडोज ११ च्या अलीकडच्या लॅपटॉपवर मात्र मालकाला पत्ताही नसताना ते चालू असते. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले होते त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती सापडली नाही तर डेटा वाचवण्याचा आडमार्ग नाही.

हिशेब हाती आले की डिस्कची तब्येत पाहावी. दुरुस्तीवाल्याकडून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने पाहता येते, किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टमच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून त्यातल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडता येते. तिथे लांबलचक तक्ता असतो. मी त्यातल्या दोन ओळींवर सर्वाधिक भर देतो. एक, ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा. दुसरी, ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे ज्या वाचता येईनात आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही अशा जागा. दुसऱ्या ओळीत शून्याखेरीज काहीही असेल तर त्या डिस्कवर मी विंडोज दुरुस्त करत बसणार नाही. नवी एसएसडी घ्यावी, त्यावर विंडोज टाकावे आणि जुनी डिस्क लेबल लावून कपाटात ठेवावी. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन ‘आर’ या पर्यायासह चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात डिस्कच्या प्रत्येक जागेचे वाचन होते आणि मरायला टेकलेली डिस्क त्याच श्रमाने मरते. डेटा बाहेर नसताना तर ते मुळीच करू नये.

डिस्क निरोगी निघाली तर मात्र दुरुस्तीला अर्थ आहे. पुन्हा त्याच नोटपॅडच्या खिडकीतून विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या वाटेने जाऊन ‘सिस्टम’ नावाची, कोणतेही शेपूट नसलेली फाइल पाहावी. तिचा आकार साधारणपणे काही एमबी असतो, बहुधा दहाच्या पुढे. तिची एक प्रत दुसरीकडे काढून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. निरोगी फाइलच्या अगदी सुरुवातीला आर, ई, जी, एफ ही चार इंग्रजी अक्षरे दिसतात आणि पुढे वाचता न येणारी गिचमिड असते. ती चार अक्षरे असतील तर बिघाड आतल्या एखाद्या भागापुरता असू शकतो. त्या जागी नुसते कोरे दिसत असेल तर फाइलचा मजकूर पुसला गेला आहे आणि तिला जोडत बसण्यात हशील नाही. उघडलेली प्रत सेव्ह मात्र करू नये.

पहिला उपाय म्हणून मी सिस्टम रिस्टोर करतो. पेनड्राइव्हवरच्या ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ या दुव्यातून ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो सापडतो. मागच्या एखाद्या तारखेचा रिस्टोर पॉइंट, म्हणजे त्या दिवशी विंडोजने जपून ठेवलेली स्थिती, असेल तर रजिस्ट्रीचे सगळे भाग एकाच तारखेचे आणि परस्परांशी जुळणारे परत येतात, ही त्याची मोठी सोय. वैयक्तिक फाइलींना तो हात लावत नाही. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम तेवढे पुन्हा बसवावे लागतात. अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते, तेव्हा पॉइंट नाहीत असा संदेश आला तर आश्चर्य वाटू देऊ नये. याच यादीतली ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवून पाहायला हरकत नाही. बीसीडीच्या बिघाडात ती चांगली चालते, रजिस्ट्रीच्या बिघाडात मला तिचा फारसा उपयोग झालेला नाही.

रिस्टोर पॉइंट नसेल आणि फाइलच्या सुरुवातीला ती चार अक्षरे असतील, तर काळ्या खिडकीतून रजिस्ट्री एडिटर उघडून पाहावा. त्यात ‘लोकल मशीन’ ही शाखा निवडून ‘फाइल’ मेनूतील ‘लोड हाइव्ह’ने (रजिस्ट्रीच्या अशा फाइलीला हाइव्ह म्हणतात) ही सिस्टम फाइल उघडण्याचा प्रयत्न करावा आणि विचारल्यावर कोणतेही तात्पुरते नाव द्यावे. उघडली गेली तर उघडताना लॉगमधले अर्धवट बदल तिच्यात मिसळले जातात. मग त्या तात्पुरत्या नावाच्या शाखेवर ‘अनलोड’ करून संगणक नेहमीसारखा सुरू करून पाहावा. हा हमखास उपाय नाही, पण पाच मिनिटांचा आहे, आणि मूळ फाइलची प्रत आधीच काढलेली असल्याने गमावण्यासारखे काही नाही.

आता त्या रेगबॅकविषयी. कॉन्फिगच्या आतच हे फोल्डर असते आणि विंडोज ७, ८ व सुरुवातीच्या विंडोज १० मध्ये रजिस्ट्रीची ताजी प्रत तिथे वेळोवेळी आपोआप ठेवली जात असे. एक्सपीच्या काळात असाच मान ‘रिपेअर’ फोल्डरला होता. परंतु विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मायक्रोसॉफ्टने ही प्रत ठेवणे मुद्दाम बंद केले. विंडोजने डिस्कवर जागा कमी व्यापावी हे त्याचे कारण. फोल्डर राहिले, आत फाइलींची नावेही दिसतात, पण आकार असतो शून्य केबी. जुन्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मूळ सिस्टम फाइल खोडून तिच्या जागी ही शून्य केबीची फाइल टाकली, तर अर्धवट का होईना जे हाती होते तेही जाते आणि वर सांगितलेला हाइव्ह उघडून पाहण्याचा मार्गही बंद होतो. रेगबॅकमध्ये खरोखरच काही एमबीची, अलीकडच्या तारखेची फाइल असेल तर जरूर वापरावी. त्याही वेळी मूळ फाइल खोडू नये. तिचे नाव बदलून तिथेच ठेवावी.

तुम्हाला ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवा असेही कोणीतरी सांगेल. एसएफसी आणि त्याच्या जोडीचे डिझम ही दोन्ही साधने चांगली आहेत, पण ती विंडोजच्या स्वतःच्या, कोणत्याही दोन संगणकांवर सारख्याच असणाऱ्या फाइली दुरुस्त करतात. तुमची सिस्टम फाइल ही तुमच्याच संगणकाची नोंदवही आहे. तिची मूळ प्रत मायक्रोसॉफ्टकडे नसते, त्यामुळे ही साधने तिला हात लावत नाहीत. पडद्यावर कर्नलच्या किंवा एखाद्या विंडोज ड्रायव्हरच्या फाइलचे नाव आणि ०एक्ससी००००२२१ असा कोड असता, तर मी एसएफसीपासूनच सुरुवात केली असती, मात्र बाहेरून चालवताना त्याला विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे ते ‘ऑफबूटडिर’ आणि ‘ऑफविनडिर’ या पर्यायांनी सांगावे लागते. पडद्यावर ज्या फाइलचे नाव असते, उपाय त्या नावावरून ठरतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर फोल्डरमधली एक फाइल खोडणे हा उपाय होता. तिथे फॉरमॅटची गरज नव्हती आणि अनेक ठिकाणी खरा अडथळा झाला तो बिटलॉकरची की शोधण्याचा.

एक अपवाद इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. वीज गेल्यानंतर कोणत्याही फाइलचे नाव न येता ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा आला, तर आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, जाऊन घड्याळ पाहावे. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली आहे, बायोसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या आहेत आणि डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआयवरून दुसरीकडे सरकली आहे. फाइल एकही बिघडलेली नसते. नवी बॅटरी घालून ती सेटिंग पूर्ववत केली की संगणक सुरू होतो.

वरचे सारे फसले तर नव्याने विंडोज टाकावेच लागेल. त्यात ‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय सौम्य वाटतो, परंतु तो प्रोग्राम काढून टाकतोच आणि वैयक्तिक फोल्डरांच्या बाहेर ठेवलेल्या डेटावर मी त्याच्या भरवशाने राहणार नाही. डेटा बाहेर काढलेला असेल तर कोरे विंडोज टाकणे अधिक स्वच्छ. टॅलीचा परवाना पुन्हा सक्रिय करणे, डिजिटल सहीच्या टोकनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, श्रीलिपीसारखे काही वापरत असाल तर तेही, असा दिवसभराचा खटाटोप गृहीत धरावा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, मदरबोर्डवर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर चालणारा असेल, तर या निमित्ताने थेट विंडोज ११ टाकणे शहाणपणाचे ठरेल.

दुरुस्ती कोणत्याही मार्गाने झाली तरी वीज परत जाणारच आहे. दुकानात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला ‘ईको’ आणि ‘यूपीएस’ असा एक खटका असतो, तो पाहावा. ईकोवर असताना बॅटरीकडे जाण्याचा क्षण पंख्याला कळत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर ठेवावा किंवा संगणकापुरता छोटा स्वतंत्र यूपीएस घ्यावा. त्याची बॅटरीही दोन-तीन वर्षांत दमते. सिस्टम प्रोटेक्शन चालू करून सी ड्राइव्हची थोडी जागा रिस्टोर पॉइंटसाठी राखावी. रेगबॅकची जुनी सोय रजिस्ट्रीतील सेशन मॅनेजरखालच्या कॉन्फिगरेशन मॅनेजर या कीमध्ये ‘एनेबल पीरियॉडिक बॅकअप’ हे मूल्य, नाव इंग्रजीत सलग लिहून, १ असे ठेवल्यास पुन्हा सुरू होते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. टॅलीची प्रत मात्र रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये.

सिस्टम फाइलचा आकार आणि तिची पहिली चार अक्षरे, स्मार्टमधल्या त्या दोन ओळींतले आकडे, आणि रिस्टोर पॉइंट मिळाला की नाही, एवढे कळवल्यास पुढचे नेमके सांगता येईल. तोपर्यंत दुरुस्तीवाल्यांना संगणक द्यायचाच असेल तर डेटाची प्रत तुमच्या हातात पडल्यानंतरच द्यावा.